ऐझॉल एफसी: हंगामापूर्वीचा ताळेबंद आणि हंगामानंतरचा चषक

फुटबॉलचा हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक चाहता आपल्या संघाचा एक ताळेबंद मांडत असतो. कोणते खेळाडू आले, कोणते गेले, प्रशिक्षक कोण, पहिले सामने कोणाशी आणि या सर्वांवरून आपला संघ कितव्या क्रमांकावर राहील, असे त्याचे स्वरूप असते. हा ताळेबंद पुष्कळदा चुकतो. मात्र भारतीय फुटबॉलमध्ये तो २०१६-१७च्या आय-लीग स्पर्धेत जितका चुकला, तितका क्वचितच चुकला असेल. आदल्या वर्षी पदावनत झालेला मिझोरामचा ऐझॉल एफसी हा संघ ३० एप्रिल २०१७ रोजी देशाचा विजेता ठरला. राष्ट्रीय साखळी स्पर्धा जिंकणारा तो ईशान्य भारतातील पहिला क्लब होय.

या विजेतेपदाचे वर्णन तेव्हा ‘परीकथा’ असे करण्यात आले. हा शब्द सोयीचा असला तरी फारसा उपयोगी नाही, कारण परीकथेत कारणे शोधायची नसतात. डिसेंबर २०१६ मध्ये ऐझॉलच्या एखाद्या जाणकार चाहत्याने कागद-पेन्सिल घेऊन आपल्या संघाचे मूल्यमापन केले असते, तर त्याला नेमके काय दिसले असते आणि काय दिसणे शक्यच नव्हते, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे.

मुळात संघ स्पर्धेत कसा आला?

चाहत्याची पहिली चिंता क्रमांकाची नव्हती, अस्तित्वाची होती. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ऐझॉल एफसीने २०१५ मध्ये द्वितीय श्रेणीची स्पर्धा जिंकून आय-लीगमध्ये प्रवेश मिळविला. २०१५-१६च्या पहिल्याच हंगामात नऊ संघांत त्याला आठवे स्थान मिळाले. नववा, म्हणजे शेवटचा संघ पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स होता. परंतु त्या संघाला थेट प्रवेश देताना ठराविक काळासाठी पदावनतीपासून सूट देण्यात आली होती. त्यामुळे शेवटून पहिला वाचला आणि शेवटून दुसरा खाली गेला. नियमानुसार हे बरोबरच होते. पण नियमानुसार बरोबर असलेली गोष्ट पचायला सोपी असतेच असे नाही.

त्यानंतर जे घडले त्याचे सूत्र गोव्यात होते. आय-लीगच्या पहिल्या सहा हंगामांचे, म्हणजे २००७-०८ ते २०१२-१३ पर्यंतचे सर्व चषक गोव्याच्या क्लबांनी जिंकले होते: तीन धेंपोने, दोन चर्चिल ब्रदर्सने आणि एक साळगावकरने. जून २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तीन क्लबांनी आय-लीगमधून माघार घेण्याचा निर्णय जाहीर केला. इंडियन सुपर लीगला देशाच्या अव्वल स्पर्धेचा दर्जा देऊन आय-लीगला दुय्यम स्थान देण्याचा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रस्ताव त्यांना मान्य नव्हता. या माघारीमुळे जागा रिकाम्या झाल्या. चर्चिल ब्रदर्सचे पुनरागमन झाले, चेन्नई सिटी आणि मिनर्व्हा पंजाब या नव्या संघांना प्रवेश मिळाला आणि ऐझॉलची पदावनती रद्द झाली.

गोव्यातील एका निषेधामुळे मिझोरामच्या संघाला दुसरी संधी मिळावी, ही घटना कोणत्याही ताळेबंदात बसणारी नाही. चाहत्याच्या दृष्टीने तिचा अर्थ इतकाच होता, की एक वर्ष पदरात पडले आहे. ते टिकवायचे आहे. क्लबची अधिकृत अपेक्षा काहीही असो, डिसेंबर २०१६ मध्ये खरे उद्दिष्ट पुन्हा खाली न जाणे हेच होते.

खर्चाची बाजू

या बाजूला लिहिण्यासारखे फारसे नव्हते. संघाचा वार्षिक खर्च सुमारे दोन कोटी रुपयांच्या घरात असल्याच्या बातम्या त्या काळी प्रसिद्ध झाल्या होत्या. बंगळुरू एफसी किंवा कोलकात्याचे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या तुलनेत ही रक्कम अगदीच लहान होती. मिझोरामची एकूण लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ११ लाख, म्हणजे मुंबईच्या एखाद्या मोठ्या उपनगराएवढी. मोठे उद्योग नाहीत, त्यामुळे मोठे प्रायोजकही नाहीत.

प्रतिस्पर्ध्यांची यादीही मन खचविणारी होती. १८८९ मध्ये स्थापन झालेला मोहन बागान हा २०१५चा विजेता आणि २०१६चा फेडरेशन चषक विजेता. बंगळुरूने पदार्पणापासूनच्या तीन हंगामांत दोनदा आय-लीग जिंकलेली. ईस्ट बंगालला राष्ट्रीय विजेतेपद २००४ नंतर मिळाले नव्हते, आणि त्यामुळे तो क्लब अधिकच आसुसलेला. या तिघांना पहिल्या तीन जागा देऊन उरलेल्यांची क्रमवारी लावायची, हीच तेव्हाची रीत होती. ती चुकीची म्हणता येणार नाही. अंदाज बांधणाऱ्याने आधी पैसा आणि पूर्वेतिहास पाहावा, कारण बहुतेक वर्षी तेच खरे ठरते.

शेवटचे स्थान की शेवटचे सामने?

तथापि जमेच्या बाजूला काही नोंदी होत्या आणि त्या लपलेल्या नव्हत्या.

पहिली नोंद फेडरेशन चषकाची. साखळीत आठव्या क्रमांकावर राहिलेला ऐझॉल त्याच वर्षी मे २०१६ मध्ये या चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. वाटेत त्याने विजेत्या बंगळुरूला बाद केले. गुवाहाटीतील अंतिम सामन्यात मोहन बागानने त्याचा ५-० असा धुव्वा उडविला, त्यामुळे बहुतेकांच्या स्मरणात तो निकालच राहिला. परंतु पाच गोलांच्या पराभवापेक्षा अंतिम फेरीपर्यंतचा प्रवास अधिक बोलका होता. संघ हंगामाच्या सुरुवातीला कसा होता यापेक्षा अखेरीस कसा होता, यावर पुढच्या हंगामाचा अंदाज बांधणे केव्हाही अधिक सयुक्तिक असते.

इंग्लंडमधील लेस्टर सिटीचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. २०१५-१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकणाऱ्या या संघावर हंगामापूर्वी सट्टेबाजांनी एकास पाच हजार असा भाव दिला होता. आदल्या हंगामात तो चौदावा होता, हे सर्वांनी पाहिले. मात्र त्याच हंगामातील शेवटच्या नऊपैकी सात सामने त्याने जिंकले होते, याकडे फार कमी लोकांचे लक्ष गेले. गुणतालिका संपूर्ण वर्षाची सरासरी सांगते. संघ सुधारत आहे की खालावत आहे, हे सांगत नाही. अर्थात शेवटचे सामने चांगले खेळणारे पुष्कळ संघ पुढच्या वर्षी काहीच करत नाहीत, हेही तितकेच खरे.

प्रशिक्षक आणि मुंबईहून आलेले खेळाडू

दुसरी नोंद खालिद जमील यांची. कुवेतमध्ये जन्मलेले आणि महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया व मुंबई एफसी या मुंबईच्या संघांतून खेळलेले जमील २००९ पासून सात वर्षे मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. या काळात मुंबई एफसीने कोणताही चषक जिंकला नाही. संघ बहुधा गुणतालिकेच्या मधल्या किंवा खालच्या भागात असे. पण तो एकदाही पदावनत झाला नाही. २०१६ मध्ये क्लबने त्यांना निरोप दिला आणि ते ऐझॉलला गेले.

चाहत्याने या नोंदीकडे कसे पाहायचे? चषक न जिंकलेला प्रशिक्षक, असे म्हणता येते. तुटपुंज्या साधनांत सात वर्षे संघ तरंगत ठेवणारा प्रशिक्षक, असेही म्हणता येते. ज्या संघाचे उद्दिष्टच टिकून राहणे हे आहे, त्याच्यासाठी दुसरे वर्णन महत्त्वाचे होते. जमील यांच्या संघांचा खेळ डोळ्यांना सुखावणारा नसे. बचाव भक्कम ठेवायचा, एक गोल करायचा आणि तो जपायचा, ही त्यांची पद्धत. कोलकात्यात तिच्यावर टीका झाली असती. ऐझॉलला नेमके तेच हवे होते.

जमील यांच्यामागोमाग मुंबई एफसीत त्यांच्या हाताखाली खेळलेले दोन खेळाडूही ऐझॉलला गेले: बचावफळीतील आशुतोष मेहता आणि मधल्या फळीतील जयेश राणे. गोलरक्षणासाठी गोव्याचा अल्बिनो गोम्स आला. परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागांपैकी एक आशियाई खेळाडूसाठी असे. ती सीरियाच्या महमूद अल अम्नाला मिळाली. त्याच्याबरोबर लायबेरियाचा आल्फ्रेड जारियान, आयव्हरी कोस्टचा कामो बायी आणि नायजेरियाचा किंग्सली होते. यांपैकी एकाचेही नाव वाचून तिकीटखिडकीवर रांग लागली नसती. मात्र प्रशिक्षकाला ओळखणारे बचावपटू आणि मध्यरक्षक आले, तर खेळाची पद्धत नव्याने शिकवण्यात जाणारे आठवडे वाचतात. हंगामापूर्वीच्या मूल्यमापनात नावांच्या मोठेपणाला जितके वजन दिले जाते, तितके या वाचलेल्या आठवड्यांना दिले जात नाही, हा माझ्या मते सर्वांत सामान्य दोष आहे.

मिझोरामची खाण

तिसरी नोंद स्थानिक खेळाडूंची, आणि ती सर्वांत जुनी. शतकाच्या सुरुवातीला शायलो मालसाव्मत्लुआंगा हा टाटा फुटबॉल अकादमीत घडलेला मिझो युवक ईस्ट बंगालकडून खेळू लागला आणि कोलकात्यात ‘मामा’ या नावाने लोकप्रिय झाला. फुटबॉल खेळून घर चालवता येते, हे मिझोरामच्या मुलांना त्याच्या रूपाने दिसले. २०१२ मध्ये मिझोराम प्रीमियर लीग सुरू झाली. स्थानिक केबल वाहिनीच्या पाठबळावर तिचे सामने घरोघरी दिसू लागले. दोनच वर्षांत, मार्च २०१४ मध्ये, मिझोरामने सिलिगुडी येथे रेल्वे संघाला ३-० असे हरवून प्रथमच संतोष चषक जिंकला.

म्हणजे ऐझॉलच्या मागे केवळ एक क्लब नव्हता. दर आठवड्याला आपापसांत झुंजणारी एक संपूर्ण स्थानिक साखळी होती. लालरुआत्थारा, लालरामचुल्लोवा, ब्रँडन वनलालरेमडिका, लालदनमाविया राल्टे, झोह्मिंगलियाना राल्टे ही तरुण मंडळी याच भूमीतील. (मिझो नावे देवनागरीत उतरविताना मराठी वृत्तपत्रांची होणारी तारांबळ या हंगामात चांगलीच दिसून आली. खुद्द शहराचे नाव आजही ऐझॉल, आयझॉल आणि ऐजवाल अशा तीन रूपांत छापले जाते.) या मुलांना मोठ्या क्लबांनी घेतले नव्हते, म्हणून ती कमी दर्जाची होती असे मानले गेले. प्रत्यक्षात त्यांना पुरेसे कोणी पाहिले नव्हते.

घरच्या मैदानाचा मुद्दाही मांडला जातो. ऐझॉल समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, मुआलपुई येथील राजीव गांधी स्टेडियममध्ये कृत्रिम हिरवळ आहे आणि लेंगपुई विमानतळापासून शहरापर्यंतचा रस्ता वळणावळणाचा आहे. पाहुण्या संघांना याचा त्रास होतो, यात शंका नाही. पण केवळ एवढ्यावर विजेतेपदाचे स्पष्टीकरण देणे मला पटत नाही. शिलाँग लाजाँग हा मेघालयाचा संघ याहून अधिक उंचीवर, तशाच कृत्रिम हिरवळीवर आणि तशाच स्थानिक तरुणांना घेऊन अनेक वर्षे आय-लीगमध्ये खेळत होता. त्याला विजेतेपद एकदाही मिळाले नाही. डोंगर दोघांनाही सारखाच होता. फरक दुसरीकडे होता.

इतरांचे वेळापत्रक

तो फरक बऱ्याच अंशी प्रतिस्पर्ध्यांच्या दिनदर्शिकेत दडलेला होता. इंडियन सुपर लीगचा २०१६चा हंगाम १ ऑक्टोबर ते १८ डिसेंबर असा झाला आणि आय-लीगचा प्रारंभ ७ जानेवारी २०१७ रोजी. मोठ्या क्लबांचे अनेक प्रमुख खेळाडू सुपर लीगमधील निरनिराळ्या संघांकडून खेळून, जेमतेम तीन आठवडे आधी परतले. बंगळुरूचा संघ तर ५ नोव्हेंबर रोजी दोहा येथे एएफसी चषकाचा अंतिम सामना खेळला होता. हा मान मिळविणारा तो पहिला भारतीय क्लब. इराकच्या हवाई दलाच्या संघाकडून तो ०-१ असा हरला.

पुढे आय-लीग सुरू असतानाच बंगळुरू आणि मोहन बागान यांना आशियाई सामनेही खेळायचे होते. मोहन बागानला पात्रता फेरीत श्रीलंका व मालदीवच्या क्लबांशी, तर नंतर दोघांनाही एकाच गटात बांगलादेशच्या अबाहनी आणि मालदीवच्या माझिया या संघांशी सामना करावा लागला. शनिवारी कोलकाता, मध्येच माले किंवा ढाका आणि पुन्हा साखळीचा सामना, अशी ती धावपळ. ऐझॉलला आठवडाभर सराव आणि मग सामना, एवढेच काम होते. गरीब संघाचे हे एकमेव ऐश्वर्य म्हणता येईल. ही तारीखवार माहिती हंगामापूर्वी बहुतांशी उपलब्ध होती, पण आपल्या संघाचे मूल्यमापन करणारा चाहता दुसऱ्यांचे वेळापत्रक सहसा वाचत नाही.

अठरा सामन्यांचे गणित

एवढे सगळे लक्षात घेऊनही डिसेंबर २०१६ मध्ये ‘ऐझॉल जिंकेल’ असे म्हणणे योग्य ठरले असते का? माझे उत्तर नाही असे आहे. वरील नोंदींवरून ‘संघ वाचेल आणि कदाचित पाचवा-सहावा येईल’ एवढे म्हणता आले असते. पाचव्यापासून पहिल्यापर्यंतचे अंतर कशाने भरून निघाले, हे समजण्यासाठी स्पर्धेचा आकार पाहावा लागतो.

दहा संघ, प्रत्येकाचे अठरा सामने. ऐझॉलने ११ जिंकले, ४ बरोबरीत सोडविले, ३ गमावले. एकूण ३७ गुण. मोहन बागानचे ३६, ईस्ट बंगालचे ३३, बंगळुरूचे ३०. पहिल्या आणि तिसऱ्या संघात चार गुणांचे अंतर आहे, म्हणजे बरोबरीत सुटलेले दोन सामने जिंकण्याइतके. फुटबॉलमध्ये गोल कमी होतात, त्यामुळे खांबाला लागून बाहेर गेलेला एक चेंडूही सामन्याचा निकाल बदलतो. इंग्लंडमध्ये प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो. तिथे अशा योगायोगांची बेरीज-वजाबाकी होण्यास अधिक वाव असतो. अठरा सामन्यांत तो अर्ध्याहून कमी. लहान स्पर्धेत बलाढ्य संघ कमी सुरक्षित असतो, एवढा धडा आकड्यांवरून निश्चित घेता येतो.

पहिल्याच दिवशी, ७ जानेवारी रोजी, ऐझॉलने ईस्ट बंगालला त्याच्या घरी १-१ असे रोखले. २२ एप्रिल रोजी ऐझॉलमध्ये मोहन बागानविरुद्धचा सामना जणू अंतिम सामनाच होता. झोह्मिंगलियाना राल्टेने ८३व्या मिनिटाला डोक्याने मारलेल्या चेंडूवर ऐझॉलने तो १-० असा जिंकला. शेवटच्या दिवशी शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध बरोबरी पुरेशी होती. नवव्या मिनिटाला दिपांदाने लाजाँगला आघाडी मिळवून दिली, तर तिकडे कोलकात्यात मोहन बागानने चेन्नई सिटीविरुद्धचा आपला सामना २-१ असा जिंकला. ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने गोल केला, सामना १-१ असा संपला आणि मिझोरामहून रस्त्याने आलेल्या पाठीराख्यांनी शिलाँगचे स्टेडियम डोक्यावर घेतले.

त्याच गुणतालिकेच्या तळाशी मुंबई एफसी हा संघ होता. जमील यांच्या काळात कधीही खाली न गेलेला हा क्लब ते गेल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात दहावा आला. २०१७-१८च्या आय-लीगमध्ये मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजीयन्स ही महाराष्ट्रातील दोन्ही नावे नव्हती.

पुढच्या वर्षीचा अंदाज

२०१७च्या अखेरीस ऐझॉलच्या चाहत्याचे काम अधिक सोपे आणि अधिक खिन्न करणारे होते. जमील ईस्ट बंगालचे प्रशिक्षक झाले. अल अम्ना, लालरामचुल्लोवा, ब्रँडन आणि लालदनमाविया हेही त्याच क्लबकडे गेले. कामो आणि किंग्सली यांना मोहन बागानने घेतले. जयेश राणे, आशुतोष मेहता, अल्बिनो गोम्स आणि लालरुआत्थारा सुपर लीगमधील निरनिराळ्या संघांत विखुरले. बंगळुरू एफसी सुपर लीगमध्ये दाखल झाला. विजेत्या ऐझॉलला मात्र तेथे स्थान मिळाले नाही. आय-लीगच्या विजेत्याला सुपर लीगमध्ये बढती देण्याची पद्धत २०२२-२३च्या हंगामापासून अमलात आली.

जमील यांनी नंतर नॉर्थईस्ट युनायटेड आणि जमशेदपूर या सुपर लीगमधील संघांचे प्रशिक्षकपद सांभाळले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांची भारताच्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली. क्लबचे मालक रॉबर्ट रोमाविया रॉयटे २०१८ मध्ये मिझोरामचे क्रीडामंत्री झाले.

अर्धा संघ गेल्यानंतर मधल्या फळीत स्थान मिळेल, असा हिशेब कोणीही मांडला असता. या वेळी तो चुकला नाही: २०१७-१८ मध्ये ऐझॉल २४ गुणांसह पाचवा आला. चषक मिनर्व्हा पंजाबने जिंकला, जो आदल्या हंगामात नववा होता. २०१८-१९चा विजेता चेन्नई सिटी. तो २०१७-१८ मध्ये आठवा होता.